पेटीकाका आणि बिनपेटीचे व्याही

लेकीचं लग्न ठरलं की बाप काय करतो? नातेवाइकांना कळवतो, कपड्यांच्या दुकानात जातो, निदान बायकोपाशी बसून दोन गोष्टी तरी बोलतो. पेटीकाका उठले ते थेट चर्चमध्ये गेले, तिथल्या पायपेटीचं मागचं फळकूट काढलं आणि आतला भाता मांडीवर घेऊन बसले.

"पेटीला दमा झालाय," चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आत आले तेव्हा मान वर न करता काकांनी सांगितलं. "एरवी मी चालवून घेतो. पण ठमीच्या लग्नात ती धापा टाकायला लागली, तर मी तिथंच प्राण सोडीन."

"लग्न लागेपर्यंत तरी सोडू नका," असं म्हणून पाळकसाहेब हसत निघून गेले.

ठमी म्हणजे काकांची एकुलती एक लेक. दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. रडणाऱ्या पोरांची तोंडं गोडीगुलाबीनं उघडायची हातोटी तिच्याकडे होती. चारचौघांत ठमी म्हटलेलं तिला खपत नसे, आणि काका तिला नेमके चारचौघांतच ठमी म्हणत. काकांचं स्वतःचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी गंजून गेली होती आणि ती रंगवावी असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळ्यांचे ते पेटीकाका.

दुकान कसलं, चाव्या करणारा आणि न्हावी यांच्या मधली एक चिंचोळी खोली. दुरुस्तीला आलेल्या पायपेट्या, हातपेट्या, अॅकॉर्डियन यांची एवढी दाटी, की गिऱ्हाइकानं आत येऊन वळायचं म्हटलं तर आधी काकांना बाहेर जावं लागे. भिंतीवर खिळ्यांना सुरांच्या पितळी पट्ट्या टांगलेल्या, टेबलावर चामड्याचे तुकडे आणि बारीक कानशी, आणि सगळ्याला सरसाचा वास. एकदा एका बाईंनी प्रेशर कुकर आणला. शिट्टी फार कर्कश होते, म्हणाल्या. दुसऱ्या कुणी त्यांना वाटेला लावलं असतं. काकांनी कुकर दुरुस्तीला ठेवून घेतला, आणि तेव्हापासून त्या बाईंची डाळ सुरात शिजते असं न्हावी सगळ्यांना सांगायचा.

असा हा माणूस, आणि दर रविवारी चर्चमध्ये पेटीवर. तारुण्यात बसला तो बसलाच. ताप असो, पाय मुरगळलेला असो, काका पेटीवर हजर. लग्नांचं तर विचारू नका. नवरी दारातून निघून पुढे पोचेपर्यंत काकांनी वाजवायचं आणि तिनं त्या लयीत चालायचं, असा त्यांचा कायदा होता. भराभर चालणाऱ्या नवरीवर त्यांचा भारी राग. "बस सुटत नाही बाई तुझी!" असं त्यांनी एकीला भर उपासनेत पेटीआडून सुनावल्याचं सांगतात. काका म्हणत, मी फक्त खोकलो.

ठमी पाळण्यात होती तेव्हा काकांनी तिच्या लग्नासाठी एक चाल बांधून ठेवली होती. गंमत नाही, खरंच बांधली होती. ती त्यांनी कुणासमोर वाजवली नव्हती. दाढी करताना गुणगुणत, तेवढंच. काकूंनी विचारलं, की म्हणत, "ही ठमीची. तिच्या लग्नात वाजवणार." आयुष्यात काकांनी स्वतःसाठी फारसं काही मागितलं नाही. हे एवढं एक मागितलं होतं.

तर मुलगा कसा मिळाला, ते ऐका. काका स्वतःच्याच चष्म्यावर बसले. ठमी तो चष्मा घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली, आणि तिथल्या कारागिरानं तो इतका सावकाश दुरुस्त केला की तिला पुन्हा पुन्हा जावं लागलं. शेवटी काकूंनीच विचारलं, "अगं, चष्मा दुरुस्त होतोय की नवा जन्माला येतोय?" मुलगा निघाला सालस. ख्रिस्ती कुटुंबातला, कष्टाळू, बोलताना नजरेला नजर देणारा. आई लहानपणीच गेलेली. बाप नळदुरुस्तीची कामं करायचा आणि थोरल्या आत्यानं त्याला वाढवलेलं. काका खूश, काकू खूश. तो घरी आला, चहाचे कप रिकामे झाले, आणि मुलगा जरा पुढे सरकून बसला.

"बाबा, एक सांगायचं होतं. आमची मंडळी निराळ्या पंथाची आहे. आमच्या उपासनेत पेटी नसते."

काकांचा चेहरा कळवळला. "अरेरे! मोडली का? मला आधी नाही का सांगायचं? उद्या येतो मी हत्यारं घेऊन."

"मोडली नाही बाबा. आम्ही ठेवतच नाही. नुसत्या गळ्यानं गातो."

"माणूस मिळत नसेल वाजवणारा. मी दुपारी मोकळाच असतो."

ठमीनं कपाळाला हात लावला. मग मुलानं नीट समजावून सांगितलं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या नुसत्या तोंडानं गात. त्यांना गा एवढंच सांगितलं होतं, वाजवा असं कुठं सांगितलेलं नाही. जे सांगितलं नाही ते आपल्या मनानं उपासनेत आणायचं नाही, असं त्याच्या माणसांचं मानणं होतं. तो काही घोकलेलं बोलत नव्हता. मनापासून बोलत होता, आणि काकांना तेच जड गेलं.

"आणि शास्त्रातला तो राजा वीणा वाजवायचा, त्याचं काय?" काकांनी विचारलं.

"ते शास्त्राच्या जुन्या करारातलं, बाबा. ख्रिस्ताच्या आधीचं."

"म्हणजे देवाचे कान मध्येच बदलले?"

"अहो," काकू म्हणाल्या, "कप द्या इकडे."

त्या आठवड्यात काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. दुकानात बसून ते अॅकॉर्डियनशी बोलत. पेटी नाकारली कुणी, तर ज्यांना कधी वाजवता आलं नाही त्यांनी! असं म्हणत. हे खरं नव्हतं, पण रागावलेल्या माणसाकडून खऱ्याची अपेक्षा कुणी करू नये. ठमी मात्र शांत होती. तिनं वडिलांना एकच सांगितलं, "बाबा, एकदा येऊन ऐका. मग काय बोलायचं ते बोला."

म्हणून एका रविवारी आपल्या चर्चची पेटी दुसऱ्याच्या हाती सोपवून काका तिकडे गेले. साधी खोली, पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं. समोर पेटीची जागा शोधून शोधून काकांचे डोळे दमले. मग एक रुंद खांद्यांचा माणूस उठला. हा मुलाचा बाप, मंडळीला गाणं सुरू करून देणारा. त्यानं खिशातून एक छोटा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला, आणि हलकेच एक सूर गुणगुणला. पुढच्या क्षणी सगळी खोली गायला लागली.

आता काका रागावलेले होते, पण बहिरे नव्हते. बाया वर, पुरुष खाली, म्हातारे मधेच कुठंतरी, आणि चारी बाजूंनी सूर येऊन एकत्र मिळत होते. त्या सगळ्यांवर एक आवाज तरंगत होता. वळून पाहिलं, तर कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या मुलाच्या आत्याबाई! अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की छपरानं अंग आवरून घ्यावं. काकांच्या अंगावर काटा आला. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सांगायची गरजच पडली नाही, कारण त्यांचे पाय बोलत होते. गाणं सुरू झालं की पाय भाता मारणार, ही जन्माची सवय. काकांनी समोरच्या बाकाच्या खालच्या फळीवर दोन्ही पाय ठेवले होते आणि एक वर एक खाली असा मारा चालवला होता. पुढच्या बाकावर बसलेलं सगळं कुटुंब गाता गाता झुलायला लागलं. शेवटी आत्याबाईंनी मागून वाकून काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाल्या, "पेटीवाले, आमच्या बाकाला सूर नाहीत हो."

उपासना संपल्यावर व्याही भेटायला आले. काकांना स्तुती करायची होती, पण जीभ आडवी गेली.

"छान गाता. पण चौथ्या कडव्यापर्यंत तुम्ही अर्धा सूर खाली उतरलात."

"उतरलो ना?" व्याही मनमोकळं हसले. "पण सगळे मिळूनच उतरलो!"

"आणि तो काटा? ते वाद्य नव्हे वाटतं?"

"तो वाजवायला नाही, व्याही. विचारायला असतो. कुठून सुरू करू, एवढं विचारायचं आणि खिशात टाकायचा."

काकांना माणूस आवडला. म्हणजे पंचाईत वाढली. न आवडला असता तर सरळ भांडता तरी आलं असतं.

लग्न ठरलं नवरीच्या चर्चमध्ये, म्हणजे काकांच्या. व्याह्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "तुमचं चर्च, तुमची रीत. तुमची पेटी खुशाल वाजू द्या. आमचं कुणी नाक मुरडणार नाही." काकांचा जीव भांड्यात पडला. पेटीचा दमा एव्हाना बरा झाला होता, नवं चामडं बसलं होतं, लाकडाला पॉलिश झालं होतं. लग्नाच्या आधीच्या शनिवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांना तालमीला बोलावलं. काका पेटीवर असणार म्हणून ठमीला दारापासून पुढे न्यायचं काम तिच्या मामाकडे होतं. काकूंचा हा भाऊ बेकरीत पाव भाजायचा, आणि नव्या बुटांत पाय कोंबून तालमीलाही ऐटीत आला होता.

काकांनी ती चाल वाजवली. पाळण्याच्या दिवसांपासून दाढीच्या साबणात राहिलेली चाल पहिल्यांदा पेटीतून बाहेर पडली. ठमी मामाच्या हातात हात घालून पुढे येत होती. काकूंनी डोळ्याला पदर लावला, आणि मामाही बूट पायाला चावत असताना हसत होता. चाल संपली. मग पाळकसाहेबांनी दोन्ही मंडळ्यांना येणारं एक गीत सांगितलं. काकांनी भाता भरला आणि सुरू केलं.

पहिल्याच ओळीला काकांच्या कानाला काहीतरी खुपलं. काहीतरी कमी होतं. सूर बरोबर, पेटी बरोबर, तरी अर्धं चर्च रिकामं असल्यासारखं वाटत होतं. त्यांनी वाजवता वाजवता मान वळवली. नवऱ्याकडची माणसं उभी होती. कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. माना झुकलेल्या, हात जुळलेले आणि तोंडं बंद. आत्याबाई, ज्यांच्या आवाजानं छप्पर अंग आवरून घ्यायचं, त्याही ओठ मिटून उभ्या. समोर नवरी गात होती आणि तिच्या शेजारी नवरा गप्प होता, स्वतःच्या लग्नाच्या गीताला.

काकांचे पाय थांबले. पेटीनं एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

"बिघडली का?" व्याही लगेच पुढे झाले. नळवाल्याचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला होता.

"पेटी ठीक आहे," काका म्हणाले. "आत्याबाई, जरा बाहेर येता?"

चर्चच्या पायरीवर दोघं बसली. काकांना वाटलं होतं भांडण होईल. त्यासाठी शास्त्रातला राजा त्यांनी वीणेसकट तयार ठेवला होता.

"तुम्ही गात का नव्हता?"

"तुमची पेटी वाजत होती ना."

"म्हणजे राग आला?"

"छे हो, राग कसला! इतकं गोड वाजवता. आमच्या घरी येऊन वाजवा, मी घसा बसेपर्यंत गाईन तुमच्याबरोबर. पण उपासनेत मी देवाला नुसता गळा देते. आईनं तसं शिकवलं, आणि मोठी झाल्यावर मी स्वतः वाचून, विचार करून तेच धरलं. तुमची पेटी देवाला पोचत नाही असं मी म्हणते का? तुमचं तुम्ही आणि तो बघाल. मला तेवढंच सांगितलंय, म्हणून मी तेवढंच करते."

"आणि लग्नात?"

"उभी राहीन. मनात म्हणेन. पोरगाही तेच करणार आहे. एका दिवसानं काय होतंय? तुमच्या लेकीसाठी आम्ही एवढं नाही करायचं?"

एवढं बोलून त्या हसल्या. हसण्यात खोट शोधायचा काकांनी प्रयत्न केला आणि ती सापडली नाही. त्यांचा राजा वीणा घेऊन जिथल्या तिथे बसून राहिला.

सोमवारी काका दुकानात काम घेऊन बसले, पण हात चालेना. एक पट्टी मुकी असलेली पेटी त्यांनी दुकानातून कधी बाहेर जाऊ दिली नव्हती. गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो, एकाच सुरानं काय बिघडतं? काका म्हणायचे, मग दुसरीकडे न्या. आणि आता त्यांच्या स्वतःच्या वाजवण्यानं एवढी माणसं गप्प उभी राहणार होती, तीही आनंदानं, काकांचं मन राखायला. त्यांना फार वाईट वाटलं. चालीसाठी वाटलं, आणि त्या मिटलेल्या ओठांसाठी त्याहून जास्त वाटलं. दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं.

व्याह्यांच्या घरी पोचले तेव्हा व्याही स्वयंपाकघरातल्या सिंकखाली झोपलेले होते. नुसते पाय दिसत होते. नळवाल्याच्या घरचा नळ सगळ्यात शेवटी दुरुस्त होतो हे आत्याबाईंचं नेहमीचं गाऱ्हाणं होतं, आणि आज त्यांनी भावाला त्याखाली घातलंच होतं. काका त्या पायांशीच बोलले.

"व्याही, लग्नात पेटी बंद."

"म्हणत नव्हतो मी? बिघडली! भाता फुटला ना?" सिंकखालून आवाज आला.

"फुटला नाही. मी बंद ठेवणार."

धाडकन आवाज झाला. व्याह्यांचं डोकं पाइपला आपटलं होतं. ते कपाळ चोळत बाहेर आले. "का म्हणून?"

"तुमची माणसं गाणार नाहीत."

"नाही गात! तुम्हाला काय त्रास? तुमच्या चर्चमध्ये तुमची पेटी आमच्यापायी गप्प? अजिबात नाही. मी काय तुमच्या गळ्यात बोळा कोंबायला आलोय?"

"आणि मी तुमच्या कोंबू?"

"आम्ही आपखुशीनं गप्प राहतोय!"

"मग मीही आपखुशीनंच बंद ठेवतोय!"

"पेटी वाजलीच पाहिजे!" बिनपेटीच्या मंडळीचे व्याही ओरडले.

"वाजणार नाही म्हणजे नाही!" पेटीकाका ओरडले.

आत्याबाई इस्त्री हातात घेऊन दारात आल्या आणि दोघांकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना इस्त्री खाली ठेवावी लागली.

काकांनी मग स्टूल ओढलं. "हे बघा व्याही. पेटी असली तरी माझी उपासना होते आणि नसली तरी होते. तुमची मात्र ती असली की होत नाही. मग सरकायचं कुणी? ज्याला सरकता येतं त्यानं. मला येतं. एवढं सरळ आहे."

"म्हणजे आमचं तुम्हाला पटलं?"

"मुळीच नाही! माझं मत होतं तिथंच आहे. तो राजा वीणा वाजवायचा, हे मी तुम्हाला मरेपर्यंत ऐकवणार आहे."

"ऐकवा. मीही मरेपर्यंत ऐकून घेईन आणि मान्य करणार नाही."

दोघांनी हात मिळवले. व्याह्यांचा हात ओला होता, काकांच्या हाताला सरस लागलेला होता, त्यामुळे तो सुटायला जरा वेळ लागला.

"पण तुमची चाल मी फुकट जाऊ देणार नाही," व्याही म्हणाले. "उपासना आटोपली की मागच्या हॉलमध्ये जेवण आहे. पेटी मी स्वतः उचलून तिकडे नेतो. तुम्ही वाजवा, मी साथ करतो." आणि त्यांनी फडताळातून काढला चक्क माउथ ऑर्गन.

"तुम्ही वाजवता?"

"मग! वाद्याशी माझं भांडण आहे असं कुणी सांगितलं? कामावर जाताना रोज वाजवतो. उपासनेत नाही, एवढंच."

काकांच्या मंडळीत थोडी कुरकुर झालीच. एकजण म्हणाला, आज पेटी बंद करायला लावतायत, उद्या खिडक्या बंद करा म्हणतील. काका त्याच्यावर असे उखडले, की आपण कालपर्यंत काय बोलत होतो हे त्यांना आठवतच नसावं. "त्यांनी काही लावलेलं नाही! ते तर वाजवा वाजवा म्हणून माझ्या जिवावर उठलेत!" पाळकसाहेबांनी एवढंच म्हटलं, की पेटीकाकांनी पेटी बंद ठेवायची ठरवली असेल तर ती उघडायची हिंमत माझ्यात नाही.

त्या संध्याकाळी काका नुसतेच चष्मा पुसत बसले होते. केलं ते बरोबर केलं याची खात्री होती, पण उपासनेत बसून करायचं काय, हे मात्र त्यांना समजत नव्हतं. स्वयंपाकघरात सगळे जमले होते. ठमी कांदा चिरत होती, काकू भांडी पुसत होत्या, आणि मामा नवे बूट खुर्चीखाली काढून ठेवून पाय दाबत बसला होता.

"दाजी," मामानं सहज विचारलं, "पेटी नाही तर मग तुम्ही बसणार कुठं?"

काकांनी खांदे उडवले. "बसेन कुठंतरी. तुझ्या बहिणीशेजारी."

ठमीची सुरी थांबली. काकू भांडं हातात घेऊन भावाकडे बघायला लागल्या. भाऊ काकांकडे. काकांना काही कळेना.

"काय झालं?"

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही मोकळे आहात."

"ते मलाही कळतंय. जखमेवर मीठ कशाला चोळतेस?"

"बाबा," ठमी म्हणाली. तिनं सुरी खाली ठेवली. "मग माझ्याबरोबर तुम्ही चाला ना."

इतक्या वर्षांत, इतक्या नवऱ्या चर्चमध्ये चालवल्या, त्यांची पावलं मोजली, त्यांच्यावर खेकसले, आणि त्या नवऱ्यांच्या हातात प्रत्येक वेळी बापाचा हात असतो हे काकांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. चाल बांधली होती, भाता बदलला होता, लाकूड चमकवलं होतं, आणि लेकीच्या शेजारची जागा मेव्हण्याला देऊन टाकली होती. देताना ती कुणाची आहे हेसुद्धा विचारलं नव्हतं.

"तू आधी का नाही बोललीस?"

"काय बोलणार? मी पाळण्यात होते तेव्हापासून तुम्ही वाजवणार होतात. तुम्हाला त्यात इतका आनंद होता बाबा. तो कसा काढून घेणार?" ठमीनं डोळे पुसले. "आणि हा कांदा आहे. काही समजू नका."

मामानं खुर्चीखालचे बूट उचलून काकांच्या पुढे ठेवले. "घ्या, घाला. माझी सुटका झाली." काकांनी बूट घातले. त्यांनाही चावले. मग सगळेच एकदम हसायला लागले आणि काका हसता हसता कधी रडायला लागले ते कुणी विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी दोन्ही मंडळ्यांनी चर्च गच्च भरलं होतं. पेटीचं झाकण बंद होतं आणि त्यावर कुणीतरी फुलं ठेवली होती. दारात ठमीनं काकांच्या हातात हात घातला. पुढून व्याह्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला, सूर दिला, आणि अख्खं चर्च गायला लागलं. नवऱ्याकडच्यांना चार वेगवेगळ्या सुरांत मिळून गायची सवय होती. नवरीकडच्यांना पेटीशिवाय गायची सवयच नव्हती. पहिल्या ओळीला ते बावरले, दुसरीला आत्याबाईंचा आवाज धरून उभे राहिले आणि तिसरीपासून असे सुटले की आपल्याला एवढा आवाज आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. नवराही गात होता, मान वर करून, दाराकडे बघत.

आणि पेटीकाका? ते सुसाट निघाले. जन्मभर दुसऱ्यांना हळू चाला म्हणून सांगणारा माणूस लेकीला ओढत जवळजवळ पळायला लागला. बाकांवरून हसण्याची लाट आली.

"बाबा," ठमी ओठ न हलवता म्हणाली, "बस सुटत नाही आपली."

काका थांबले. श्वास घेतला. लेकीचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग असे सावकाश चालले, की गीत पुरेना म्हणून व्याह्यांना एक कडवं पुन्हा घ्यावं लागलं.

पुढे जाऊन ठमीचा हात त्यांनी जावयाच्या हातात दिला आणि मागे वळले. आता कुठं बसायचं? पाय सवयीनं पेटीकडे निघाले होते. व्याह्यांनी त्यांची बाही धरली, स्वतः सरकून बाकावर जागा केली, आणि काकू नि आत्याबाई यांच्या मधोमध काका बसले. पुढचं गीत सुरू झालं. काका गप्प.

"म्हणा की," आत्याबाई कुजबुजल्या.

"मी गात नाही," काकाही कुजबुजले. "मी बेसूर आहे."

ही गोष्ट जगात फक्त काकूंना माहीत होती. पेटी वाजवणारा माणूस गात का नाही, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पेटीच्या आवाजात ते खपून गेलं होतं.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांचे डोळे आनंदानं लुकलुकायला लागले. "मग जोरात म्हणा. आमच्यात असे खूप आहेत. आम्ही सांभाळून घेतो."

काकांनी तोंड उघडलं. जे बाहेर आलं त्याला सूर म्हणणं म्हणजे त्यांच्याच धंद्याचा अपमान झाला असता. पण आत्याबाईंनी त्यांना एका बाजूनं उचललं, व्याह्यांनी काकूंच्या पलीकडून, आणि तो आवाज सगळ्यांच्या आवाजात शिरून चालायला लागला. समोर उभ्या असलेल्या ठमीनं कान टवकारले. चर्चमध्ये वडिलांना गाताना तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. लग्नाचा पोशाख सावरत ती वळली, त्यांना गाताना पाहिलं, आणि एकदम हसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आज जवळपास कांदा नव्हता. काकांनी तिच्याकडे बघत पुढचं कडवं आणखी मोठ्यानं म्हटलं.